फायलीचा चातुर्मास

समजा, डोंबिवलीतलं एक घर आहे. थोरला मुलगा पंचवीस वर्षांपूर्वी एच-वनवर न्यू जर्सीला गेला, पुढे त्याचं ग्रीन कार्ड झालं, मग तो सिटिझन झाला. सिटिझन झाल्यावर त्याने आई-बाबांना बोलावून घेतलं आणि त्यांच्याही हातात ग्रीन कार्डं आली. धाकटा मात्र इथेच राहिला. त्याच्यासाठी घरच्यांनी एक नाही, दोन फायली टाकून ठेवल्या. एक भावाने २०१२ मध्ये टाकलेली, दुसरी आईने २०१६ च्या श्रावणात. नऊ वर्षं गेली. २०२५ मध्ये आईच्या फायलीचा नंबर लागला, बीकेसीतल्या कॉन्सुलेटमध्ये इंटरव्ह्यू झाला, पासपोर्टात व्हिसा चिकटून आला. आता सहा महिन्यांच्या आत अमेरिकेत पाऊल टाकायचं.

नेमकं तेव्हाच नाशिकचं एक स्थळ आलं. पत्रिका जमली, मुला-मुलीची पसंती झाली. आत्या म्हणाल्या, "एकदा तिकडे गेला की रजा मिळायची नाही. जायच्या आधीच बार उडवून टाका." स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर तुळशीच्या लग्नानंतरच्या दोन तारखांभोवती लाल पेनाने गोल काढले गेले, आणि हॉलची चौकशी सुरू झाली.

त्या दोनपैकी कुठल्याही मुहूर्तावर अक्षता पडल्या असत्या, तर त्याच दिवशी आईची फाईल संपली असती. पासपोर्टातला व्हिसा तसाच चकचकीत दिसला असता, कॉम्प्युटरवर 'मंजूर' हा शेराही कायम राहिला असता, आणि तरी तो व्हिसा निरुपयोगी झाला असता. भावाच्या फायलीला मात्र काहीही झालं नसतं. माणूस एक, लग्न एक, देश एक, आणि दोन फायलींवर दोन उलटे परिणाम. हे असं का, ते समजून घ्यायचं तर अमेरिकेच्या कायद्यात 'कुटुंब' म्हणजे काय ते बघावं लागतं.

आपण ज्याला फाईल टाकणं म्हणतो, त्या अर्जाचं कागदोपत्री नाव आय-१३०. हा अर्ज येणाऱ्याने करायचा नसतो. तिथे असलेल्या नातेवाइकाने 'हा माझा अमुक लागतो' एवढं सरकारला सांगायचं असतं. अर्ज पोचला त्या दिवसाची तारीख म्हणजे प्रायॉरिटी डेट, रांगेतलं टोकन. अर्ज मंजूर झाला म्हणजे नातं मान्य झालं, इतकंच. व्हिसा मिळतो तो टोकनाचा नंबर आल्यावर, आणि नंबर कुठवर आला ते परराष्ट्र खातं दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये छापतं. अमेरिकेची वाट बघणाऱ्या घरांत हे बुलेटिन पूर्वी लॉटरीचा निकाल बघत तसं बघितलं जातं.

सिटिझन माणसाचा नवरा किंवा बायको, एकवीस वर्षांखालची अविवाहित मुलं आणि आई-वडील यांना रांग नाही. त्यांच्यासाठी वर्षाला कितीही व्हिसा देता येतात. बाकी नातेवाइकांसाठी १९९० च्या कायद्याने ठरवलेल्या २,२६,००० जागा, आणि त्या वेगवेगळ्या रांगांत वाटलेल्या. सिटिझनची एकविशी ओलांडलेली अविवाहित मुलं एफ१ मध्ये, जागा २३,४००. ग्रीन कार्डवाल्यांचे जोडीदार आणि अविवाहित मुलं एफ२ मध्ये, जागा १,१४,२००. त्यात जोडीदार आणि लहान मुलं एफ२ए, एकविशीच्या पुढची अविवाहित मुलं एफ२बी. सिटिझनची विवाहित मुलं एफ३, जागा पुन्हा २३,४००. सिटिझनची भावंडं एफ४, जागा ६५,०००.

ही यादी एकदा सावकाश वाचली की तिच्यातली गाळलेली जागा दिसते. ग्रीन कार्डवाल्यांची विवाहित मुलं. त्यांच्यासाठी रांग लांब आहे असं नव्हे, रांगच नाही. डोंबिवलीची आई ग्रीन कार्डवाली. मुलगा अविवाहित असेतोवर एफ२बी. त्याने माळ घातली की तो या यादीतून बाहेर, आणि तो यादीत नाही म्हणजे आईचा अर्ज आपोआप रद्द. 'आपोआप' हा शब्द इथे अक्षरशः घ्यायचा. कोणाला निर्णय द्यावा लागत नाही, पत्र पाठवावं लागत नाही, सुनावणी होत नाही. नियमातच लिहिलं आहे की लग्नाच्या तारखेपासून मंजुरी गेली. कित्येक घरांत लग्नानंतर पाच-सात वर्षं लोक बुलेटिन बघत राहतात, नंबर आल्यावर हौसेने कागद पाठवतात, आणि तेव्हा कळतं की आपण मेलेल्या फायलीची वाट बघत होतो.

हा नियम ज्यांनी केला त्यांच्या डोक्यात काय असावं? मला वाटतं, चूल. ग्रीन कार्डवाला म्हणजे नुकता येऊन राहिलेला माणूस, त्याच्या चुलीशी जेवणारी माणसं त्याच्याजवळ यावीत: बायको, नवरा, लग्न न झालेली मुलं. लग्न झालेल्या मुलाची चूल वेगळी. मग डोंबिवलीत त्याच एका गॅसवर सासू-सुनेचं चहापाणी होत असलं तरी कायद्याच्या नजरेत घरं दोन झाली. विवाहित मुलाला आणि भावंडांना बोलवायचा मान सिटिझनचा.

ही मांडणी १९६५ ची. त्याआधी भारतातून वर्षाला जेमतेम शंभर लोकांना अमेरिकेत स्थायिक होता येत असे, तेही १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्याच्या कृपेने. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी नव्या कायद्यावर सही केली. देशवार कोटे गेले, नात्याला आणि कौशल्याला प्राधान्य आलं. गंमत अशी की नात्याला झुकतं माप मिळावं यासाठी जोर लावणाऱ्यांत ओहायोचे काँग्रेस सदस्य मायकेल फीगन होते, आणि त्यांचा हिशेब असा की अमेरिकेत नातेवाईक आहेत ते युरोपियन लोकांचे, म्हणजे येतील ते युरोपियनच. झालं भलतंच. कौशल्याच्या दारातून आशियातले डॉक्टर-इंजिनियर आत शिरले, सिटिझन झाले, आणि मागोमाग आई-बाबा, भाऊ, वहिनी, भाचे यांच्या फायली पडू लागल्या. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या गणपतीत दिसणाऱ्या गर्दीचा एक धागा फीगनसाहेबांच्या त्या चुकलेल्या हिशेबापर्यंत जातो.

गर्दी झाली म्हणून रांगा लांबल्या. एका देशाच्या वाट्याला सर्वसाधारणपणे एकूण जागांच्या सात टक्के, असाही नियम आहे. २०२५ च्या उन्हाळ्यातल्या बुलेटिनात भारतासाठी एफ१ आणि एफ२बी दोन्ही २०१६ मध्ये होते, एफ३ २०११ मध्ये, आणि एफ४ २००६ मध्ये. म्हणजे तेव्हा ज्या भावाचा नंबर लागला, त्याच्या बहिणीने अर्ज भरला तेव्हा आयफोन बाजारात यायचा होता. दर महिन्याला आकडे हलतात, कधी मागेही सरकतात, पण रांगांमधलं हे अंतर ध्यानात ठेवावं, कारण लग्नाने माणूस एका रांगेतून दुसरीत जातो तेव्हा त्याला हेच अंतर चालावं लागतं.

आता आई सिटिझन असती तर काय झालं असतं ते बघा. मुलगा एफ१ मध्ये असता. लग्न केल्यावर फाईल मेली नसती. ती आपसूक एफ३ मध्ये गेली असती, टोकनाची जुनी तारीख घेऊन. नंबर पाच-एक वर्षांनी मागे गेला असता, पण त्या बदल्यात त्याच फायलीवर बायकोही गेली असती आणि मुलंबाळंही. पुढे दुर्दैवाने घटस्फोट झाला, तर फाईल परत एफ१ मध्ये आली असती. सिटिझन आई-वडिलांच्या फायली अशा लवचिक असतात. मोठा फटका बसतो तो एकविशीच्या आतल्या लेकराला. सिटिझन वडिलांची एकोणीस वर्षांची मुलगी, जिला रांगच नाही, ती लग्न करते आणि एका दिवसात एफ३ च्या टोकाला जाऊन उभी राहते. काही महिन्यांचं काम चौदा-पंधरा वर्षांवर जातं.

म्हणून त्या घरातला खरा प्रश्न मुलाच्या लग्नाचा नव्हता, आईच्या शपथेचा होता. ग्रीन कार्ड मिळाल्यावर पाच वर्षांनी नागरिकत्व मागता येतं. त्या पाच वर्षांतले निदान तीस महिने अमेरिकेत काढलेले असले पाहिजेत, इंग्रजीची आणि नागरिकशास्त्राची परीक्षा द्यावी लागते, मग शपथविधी. अनेक आया इथेच थबकतात. सहा महिने नातवंडं सांभाळायला तिकडे, सहा महिने गुडघ्यांच्या डॉक्टरसाठी आणि गौरी-गणपतीसाठी इकडे. तीस महिने भरता भरत नाहीत. इंग्रजीची धास्ती वेगळी. वयाची पंचावन्न वर्षं पूर्ण आणि ग्रीन कार्डाला पंधरा वर्षं झालेली असली, की इंग्रजी माफ होतं आणि नागरिकशास्त्राची परीक्षा आपल्या भाषेत दुभाष्यामार्फत देता येते, पण २०१६ च्या आईला ती सवलत २०३१ मध्ये. त्यात भारताचा पासपोर्ट सोडायचा. गावाकडे थोडी शेती असेल तर आणखी घोळ, कारण ओसीआय कार्डावर नवीन शेतजमीन विकत घेता येत नाही. मग आई म्हणते, "मला कशाला हवंय ते सिटिझन-बिटिझन?" तिच्या त्या एका वाक्यावर मुलाची फाईल लोंबकळत असते, हे तिला बहुधा कोणी सांगितलेलंच नसतं.

क्रम मात्र चुकता कामा नये. आईची शपथ बारा तारखेला आणि लग्न चौदाला, तर फाईल एफ३ म्हणून जिवंत. लग्न बारा तारखेला आणि शपथ चौदाला, तर फाईल दोन दिवस आधीच गेलेली, आणि आईच्या शपथेने ती उठून बसत नाही. आई आता सिटिझन म्हणून विवाहित मुलासाठी नवा अर्ज भरू शकते, पण टोकन नवं, म्हणजे नऊ वर्षं पाण्यात. घटस्फोटानेही जुनी फाईल परत येत नाही. कागदावर घटस्फोट घेऊ आणि मग पुन्हा फाईल चालू करू, असा सल्ला देणारे महाभाग प्रत्येक सोसायटीत असतातच. त्यांना एवढंच सांगावं की लग्नाबरोबर अर्जही गेला आणि टोकनही. घटस्फोटानंतर आईला जो अर्ज करता येईल तो आजच्या तारखेचा.

घटस्फोटाचा विषय निघालाच आहे तर एक शब्द साफ करून घेऊ. आपण 'अविवाहित' म्हणतो तेव्हा ज्याचं लग्न कधी झालंच नाही असा माणूस डोळ्यांपुढे येतो. या कायद्यातला अविवाहित तसा नाही. त्या घडीला ज्याचं लग्न अस्तित्वात नाही तो अविवाहित, पूर्वी झालं होतं की नव्हतं याच्याशी देणंघेणं नाही. म्हणजे पस्तिशीची घटस्फोटित मुलगी किंवा विधवा मुलगी ग्रीन कार्डवाल्या वडिलांच्या एफ२बी मध्ये बसते. तिला मूल असेल तर तेही तिच्याबरोबर जाऊ शकतं. कितीतरी घरांत 'तिचं लग्न झालं होतं ना, मग तिची फाईल कशी टाकता येईल' म्हणून वर्षं वाया जातात.

आणि लग्न झालं, असं कधी म्हणायचं? अमेरिकेचा दंडक सरळ आहे. ज्या ठिकाणी लग्न लागलं, तिथल्या कायद्याने ते लग्न असेल तर आमच्यासाठीही लग्न. म्हणजे डोंबिवलीतल्या लग्नाला हिंदू विवाह कायदा, १९५५ लागू. त्याच्या कलम ७ प्रमाणे, जिथे सप्तपदीचा विधी आहे तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण. कलम ८ नोंदणीबद्दल बोलतं, पण नोंदणी केली नाही म्हणून विवाह अवैध ठरत नाही हेही तिथेच स्पष्ट केलं आहे. त्यामुळे "विधी करून घेऊ, रजिस्टर नंतर करू, म्हणजे फायलीला कळणार नाही" हा जो सर्वांत लोकप्रिय तोडगा आहे, तो कायद्यापुढे टिकत नाही. सर्टिफिकेट नसलं तरी सातवं पाऊल पडलेलं असतं. याची उलट बाजूही आहे. २०२४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की विधीच न करता हिंदू विवाहाचं नुसतं प्रमाणपत्र मिळवलं, तर ते लग्न नव्हे. व्हिसाच्या घाईत आधी कागद करून ठेवायचे आणि मांडव नंतर घालायचा, या आपल्याकडच्या प्रथेला तो चांगलाच टोला होता. हे हिंदू विवाह कायद्याच्या नोंदणीबद्दल; स्पेशल मॅरेज ॲक्टखाली, तीस दिवसांची नोटीस देऊन केलेलं लग्न त्या सहीनेच लग्न असतं.

गोव्यात तर गणितच निराळं. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्याप्रमाणे तिथे सिव्हिल रजिस्ट्रारसमोर दोन टप्प्यांत सह्या होतात: आधी इराद्याची, मग मुदतीनंतर पक्की. पक्की सही झाली की कायद्याने ते नवरा-बायको, देवळातला किंवा चर्चमधला सोहळा सहा महिन्यांनी का असेना. घरचे म्हणतात, लग्न अजून व्हायचंय. फाईल म्हणते, झालं.

साखरपुडा मात्र बिनधोक. टिळा, सुपारी, अंगठी, केळवणं, सगळं चालतं. इंटरव्ह्यूत विचारलं तर खरं सांगावं की लग्न ठरलंय. ठरलेलं लग्न म्हणजे लग्न नव्हे, हे अमेरिकेलाही मान्य आहे. आणि जुन्या सरदार घराण्यांत नवरदेवाऐवजी त्याचा खांडा पाठवून लग्न लावत, तसलं काही करायचं मनात असेल तर तेही या कायद्याने पाहून ठेवलं आहे: वधू-वर एकमेकांसमोर हजर नसतील तर ते लग्न पुढे प्रत्यक्ष सहवास घडेपर्यंत धरलं जात नाही. कोविडच्या काळात लोकांनी व्हिडिओ कॉलवर लग्नं लावली, तेव्हा हे जुनं कलम पुन्हा कामाला आलं.

आता भावाची फाईल, एफ४. तिला लग्नाचं वावडं नाही, उलट तिच्यात लग्न फायद्याचं. भावाच्या फायलीवर जाणारा माणूस आधी लग्न करून गेला तर त्याच्या नंबरावर बायकोही जाते, बरोबर किंवा मागाहून. व्हिसा हातात आल्यावर, विमानात बसायच्या आदल्या आठवड्यात लग्न केलं तरी चालतं. तसं कळवायचं मात्र. आणि तोच माणूस एकटा जाऊन, उतरल्यावर महिन्याभराने परत येऊन लग्न करतो, तर बायको त्याच्या नंबरावर येऊ शकत नाही. तिच्यासाठी एफ२ए चा वेगळा अर्ज, वेगळं टोकन. म्हणजे आईच्या फायलीवाल्याने विमानाच्या आधी लग्न केलं तर सगळं गेलं, आणि भावाच्या फायलीवाल्याने विमानाच्या नंतर केलं तर बायकोची वर्षं गेली. आत्यांचा सल्ला वाईट नव्हता, फक्त तो दुसऱ्या फायलीचा होता.

नोकरीच्या ग्रीन कार्डावरही हीच विमानाआधीची रीत चालते, आणि आयटीतल्या पोरांना ती तोंडपाठ असते. ग्रीन कार्ड हातात पडण्याआधी लग्न झालं तर बायकोचंही त्याच फायलीत होतं, नंतर झालं तर एफ२ए. हे सगळ्यांना माहीत असल्यामुळेच घोटाळा होतो. पुण्यातला चुलतभाऊ 'लवकर लग्न कर, कार्ड यायच्या आधी' असं कळवळून सांगतो, आणि ऐकणारा एफ२बी चा असतो.

एफ४ मध्ये लग्नाची झळ लागते ती पुढच्या पिढीला. फाईल भावाची, तिच्यात त्याची मुलं पाहुणी. पाहुणा राहायला दोन अटी: एकवीसच्या आत आणि अविवाहित. फाईल एकोणीस-वीस वर्षं चालते, म्हणजे फाईल टाकताना पाळण्यात असलेलं पोर नंबर येईतो कॉलेजात. २००२ च्या एका कायद्याने मुलाच्या वयातून अर्जाच्या मंजुरीला लागलेला काळ वजा करता येतो, त्याने काही जण वाचतात. सगळे नाही. एल साल्वादोरच्या एका बाईंच्या मुलाचं असंच झालं: आजीने अर्ज भरला तेव्हा तो तेरा वर्षांचा, नंबर आला तेव्हा एकविशी उलटून काही महिने झालेले. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१४ मध्ये एका मताच्या फरकाने निकाल त्याच्यासारख्या मुलांच्या विरोधात लागला. पण वय तरी थोडंफार वजा करता येतं. लग्न वजा करता येत नाही. एकोणीस वर्षांच्या मुलीचं स्थळ चांगलं आलं म्हणून घाईने लग्न लावलं, आणि आई-बाप-भाऊ अमेरिकेला गेले, ती मागे राहिली, हे घडू शकतं आणि घडतं.

एफ४ वाल्यांसाठी एक मजेशीर पळवाटही आहे, अगदी कायदेशीर. रांग नागरिकत्वावर नाही, जन्मस्थानावर ठरते, आणि नवरा-बायकोपैकी कोणाचंही जन्मस्थान चालतं. २०२५ मध्ये भारताची एफ४ बाकीच्या बहुतेक देशांपेक्षा दीडेक वर्ष मागे होती. ज्या मुलीचे वडील तिच्या जन्मावेळी मस्कतला किंवा कुवेतला नोकरीत होते आणि तिचा जन्म तिकडचा, ती आज रत्नागिरीत वाढलेली असली तरी नवऱ्याची रांग दीड वर्षांनी जवळ आणते. पत्रिकेत जन्मस्थळाचा रकाना असतो, तो इतका उपयोगी पडेल असं ज्योतिषांनाही वाटलं नसेल.

लपवण्याबद्दल बोलायलाच हवं, कारण लपवायचा मोह प्रत्येक घरात एकदा तरी होतो. इथे गुपचूप लग्न, तिकडे अविवाहित म्हणून प्रवेश, आणि मग "आत गेल्यावर बघू". पकडलं कसं जातं? बहुधा कोणी चुगली करत नाही; माणूस स्वतःच कागद देतो. ग्रीन कार्ड मिळाल्यावर बायकोला बोलवायचं असतं. त्या अर्जाला विवाह प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि त्यावर लग्नाची तारीख असते. ती तारीख विमानाच्या तारखेच्या आधीची. एवढ्या एका रकान्याने उघड होतं की हा माणूस अविवाहितांच्या व्हिसावर विवाहित असताना शिरला. मग नंतरची तारीख टाकून दुसऱ्यांदा लग्न लावायचं? पहिल्या लग्नाचे फोटो चुलतबहिणीच्या फेसबुकवर असतातच, मंगळसूत्रासकट. नाही सापडलं, तर पाच वर्षांनी नागरिकत्वाच्या अर्जात शपथेवर लग्नाची तारीख पुन्हा लिहायची आहे. खोटं बोलून व्हिसा मिळवल्याचा ठपका आला की हद्दपारीची टांगती तलवार, आणि पुढच्या कुठल्याही व्हिसाला जन्माची आडकाठी.

याच्याच शेजारचा दुसरा विनोद: "मग अमेरिकन सिटिझन मुलीशीच लग्न कर की." खरं प्रेम, खरा संसार असेल तर तो मार्ग खरोखरच सरळ आहे, एफ२बी मेली तरी सिटिझनच्या नवऱ्याला रांग नाही. पण १९८६ पासून नवं लग्न दोन वर्षांच्या कसोटीवर असतं. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत ग्रीन कार्ड मिळालं तर ते सशर्त, आणि मुदत संपायच्या आधीच्या नव्वद दिवसांत संसार खरा असल्याचे पुरावे देऊन अट काढून घ्यावी लागते. भाड्याचा करार, एकत्र बँक खातं, विजेची बिलं. लग्न नाटकी असल्याचं एकदा ठरलं, तर पुढे खऱ्या नात्यातून, अगदी सख्ख्या आईने केलेला अर्जही मंजूर होत नाही. हा शिक्का कायमचा.

डोंबिवलीच्या घरातला हिशेब शेवटी वहिनीने केला, न्यू जर्सीहून, व्हॉट्सॲप कॉलवर. आत्ता लग्न केलं तर आईची फाईल जाते, भावाची २०१२ ची उरते, आणि तिचा नंबर यायला अजून बरीच वर्षं. आईने आधी सिटिझन व्हायचं म्हटलं तर तिचे तीस महिने भरत नाहीत, आणि भरले तरी एफ३ २०११ वर उभी आहे. तिसरा रस्ता: साखरपुडा आत्ता, मग त्याने एकट्याने जायचं, उतरायचं, ग्रीन कार्ड पोस्टाने घरी येऊ द्यायचं, आणि चार-पाच आठवड्यांनी परत येऊन लग्न. मुलीसाठी एफ२ए, ती २०२५ च्या उन्हाळ्यात २०२२ वर होती, म्हणजे तीनेक वर्षांची ताटातूट. यातलं कोणतंच उत्तर फुकट नाही. माझ्या मते, नंबर दाराशी आला असेल तर तिसरा रस्ता धरावा. पण ज्यांची तारीख सात-आठ वर्षं लांब आहे, त्यांनी पोराला पस्तिशीपर्यंत ताटकळत ठेवणं हा निव्वळ वेडेपणा. त्यांनी आईच्या नागरिकत्वाच्या मागे लागावं, आणि तेही जमणारं नसेल तर फायलीवर पाणी सोडून मांडव घालावा.

या सगळ्यात नाशिकच्या मुलीला कोणी विचारलं का? वहिनीने विचारलं. तीन वर्षं नवरा तिकडे आणि ती इकडे, सासरी की माहेरी, नोकरी सोडायची की धरायची, त्याला व्हिजिटर म्हणून भेटायला जाता येईल का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तिला आवडलं नाही: स्थायिक व्हायची फाईल पडल्यावर व्हिजिटर व्हिसा मिळणं अवघड जातं, कारण परत जाण्याचा इरादा पटवून देता येत नाही. तिने दोन दिवस मागून घेतले. बुलेटिन स्वतः उघडून गेल्या तीन वर्षांत एफ२ए किती सरकली ते वहीत मांडलं, आणि मग हो म्हणाली, एका अटीवर: त्याने पाच वर्षं पूर्ण व्हायच्या नव्वद दिवस आधी, म्हणजे पहिल्याच शक्य दिवशी, नागरिकत्वाचा अर्ज भरायचा. तोवर तिचा नंबर आला नसेल, तर सिटिझनची बायको म्हणून ती रांगेबाहेर पडेल.

कालनिर्णयवरचे लाल गोल तसेच आहेत. त्यातल्या पहिल्याखाली आता आईच्या अक्षरात 'साखरपुडा' लिहिलंय. लग्नाच्या तारखेसाठी गुरुजींना फोन केला तेव्हा त्यांनी नेहमीप्रमाणे दोन्ही पत्रिका मागितल्या. धाकट्याने त्यांना विमानाचं तिकीटही पाठवून दिलं, आणि खाली लिहिलं, "मुहूर्त याच्या पुढचा हवा."